मोठ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कचे पार्टिशन : कारण असेल तरच

डिस्कचे दोन-तीन स्वतंत्र भाग (पार्टिशन) केले की एक भाग बिघडला तरी बाकीचा डेटा सुरक्षित राहतो, असा मुद्दा मांडला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. एखाद्या भागाची फाइल सिस्टीम (फाइली साठवण्याची व शोधण्याची मांडणी) बिघडली किंवा तो चुकून फॉरमॅट झाला, तर शेजारचा भाग सहसा वाचतो. परंतु डिस्क खाली पडली किंवा तिची मोटर निकामी झाली, तर सगळेच भाग एकदम हातचे जातात, कारण ते त्याच तबकड्यांवर असतात. म्हणूनच एका पार्टिशनमधल्या फाइलींची प्रत त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये ठेवण्याला मी बॅकअप मानत नाही. त्यासाठी वेगळी डिस्कच हवी, आणि याबाबत तडजोड करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

केवळ वर्गवारीसाठी फोल्डर पुरेसे असतात.

पार्टिशन खरोखर लागते ते एकच डिस्क मॅकच्या बॅकअपसाठी आणि विंडोजवरही वापरायची असेल तेव्हा. टाइम मशीन या मॅकमधल्या बॅकअप सुविधेला एपीएफएससारखी ॲपलची स्वतःची फाइल सिस्टीम लागते, जी विंडोजला मुळात वाचता येत नाही. शिवाय टाइम मशीन मिळेल तेवढी जागा हळूहळू व्यापत जाते, त्यामुळे त्याला ठरावीक आकाराचा भाग देऊन उरलेला भाग मॅक आणि विंडोज दोन्हींना वाचता-लिहिता येणाऱ्या एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये ठेवणे सोयीचे पडते. मात्र हे आकार डिस्क रिकामी असतानाच विचारपूर्वक ठरवावेत, कारण भरलेल्या डिस्कवर ते बदलणे वेळखाऊ आणि जोखमीचे असते.