लुबेरॉनमध्ये सात दिवस सायकल: ‘मध्यम’ म्हणजे नेमकं किती?

कोथरूडची_सायकल:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ५६, नवरा ६१. दोघंही बँकेतून मोकळे झालो. दर रविवारी कोथरूडहून खडकवासल्याला सायकलने जातो, धरणाशी चहा आणि कांदाभजी खातो, परत येतो. सायकलिंगचा अनुभव एवढाच.

आता मुलीने डोक्यात फ्रान्स भरवलंय. दक्षिणेकडचा प्रोव्हान्स, त्यातला लुबेरॉनचा डोंगराळ भाग, सात दिवस, सोबत गाइड. सामान गाडीतून पुढच्या हॉटेलवर जाणार, आपण फक्त सायकल मारायची. रोज ३५ ते ५० किलोमीटर. माहितीपत्रकात ‘मध्यम’ असं लिहिलंय. मध्यम कुणासाठी? फोटोतले सत्तरीचे गोरे आजोबा चढावरसुद्धा हसतायत, त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

माझा डावा गुडघा कुरकुरतो. नवऱ्याला इ-बाईक घेऊ म्हटलं तर ‘मग स्कूटरच काढू की’ म्हणतो. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. शिवाय तो चातुर्मास पाळतो, म्हणजे कांदा-लसूण बंद. (भजी तेव्हा बटाट्याची.) जून बरा की सप्टेंबर? आणि गाइडवर एवढे पैसे घालायची खरंच गरज आहे का, की फोनवर नकाशा बघत आपलं आपण जाता येतं?

पसरणीघाट:

ताई, आम्ही नवरा-बायको मागच्या सप्टेंबरात नेमकं हेच करून आलो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

किलोमीटर बघूच नका. ४० किलोमीटर तुम्ही दोघं आरामात माराल. प्रश्न शेवटच्या पाचाचा आहे. लुबेरॉनमधली जुनी गावं बहुतेक सगळी टेकडीच्या डोक्यावर: गोर्द, बोनियो, मेनेर्ब, लाकोस्त, रुसियों. पूर्वी हल्ल्यांच्या भीतीने माणसं वर जाऊन राहिली, आणि आज आपली हॉटेलं त्याच जुन्या घरांत. म्हणजे दिवसभर द्राक्षमळ्यांतून मजेत हिंडायचं आणि संध्याकाळी, पायातला जीव गेला की घाट चढायचा. आपण गड चढतो तो सकाळी, पोटभर पोहे खाऊन. तिथे मुक्कामच गडावर.

पहिला दिवस सांगतो. सकाळी जुन्या रेल्वेमार्गाचा केलेला सायकलरस्ता होता, कालावों नदीच्या बाजूने. रेल्वेचीच वाट म्हटल्यावर चढ जवळजवळ नाहीच. वाटेत पों जुलियां लागतो, तीन कमानींचा रोमन पूल, इसवीसनपूर्व ३ मधला. २००५ पर्यंत त्याच्यावरून मोटारी जायच्या. तिथे सावलीत बसून अंजिरं खाल्ली. मी मनात म्हटलं, उगाच घाबरलो. तिथून बोनियो पाच-सहा किलोमीटर आणि शेवटी नुसता चढच चढ. आमच्या कंपनीच्या कागदावर त्याला ‘हलकी चढण’ म्हटलं होतं. (नाव देत नाही, बाकी माणसं चांगली होती.) मी वाईचा, पसरणी घाट बघत लहानाचा मोठा झालो, तरी दोनदा उतरलो. बायको इ-बाईकवर गुणगुणत पुढे गेली. वरच्या वळणावर पोचलो तर कट्ट्यावर बसून चकल्या खात होती. चकल्या घरून नेलेल्या.

तेव्हा बुकिंगआधी दोनच गोष्टी विचारा: रोजची एकूण चढाई किती मीटर, आणि हॉटेलचं गाव वर आहे की खाली. ४० किलोमीटरमध्ये ३०० मीटर वेगळे आणि ७०० वेगळे.

आता गाइड. रस्ता दाखवायला गाइड लागत नाही, पाट्या चांगल्या आहेत. लागतो तो वाऱ्यासाठी. मिस्त्राल म्हणतात त्याला, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून सुसाट खाली येतो. आभाळ निळंशार, ऊन लख्ख, खिडकीतून बघाल तर वाटेल काय सुंदर दिवस. आणि बाहेर उतारावरसुद्धा पॅडल मारल्याशिवाय सायकल हलत नाही. तिथल्या लोकांनी सगळं या वाऱ्याच्या हिशोबाने बांधलंय. जुन्या घरांना उत्तरेकडे खिडक्या नाहीतच म्हणा. चर्चच्या मनोऱ्यावर घंटेभोवती लोखंडी सळ्यांचा उघडा पिंजरा, वारा आरपार जावा म्हणून. आणि बांधावर सायप्रसच्या रांगा, आपल्या सुरूसारख्या उंच, पण भिंतीसारख्या दाट. त्या आडोशाने चाललं की एकदम शांत, स्वतःचा श्वास ऐकू येतो. मधलं एखादं झाड पडलेलं असलं की त्या फटीतून वारा असा बसतो की सायकल हातभर बाजूला. तीन-चार फटींनंतर मी शहाणा झालो, फट दिसली की आधीच वाऱ्याकडे कलायचो. मग एका फटीत वाराच नव्हता, पलीकडे द्राक्षांची ट्रॉली उभी होती. कललो तो थेट चरात. कोपर सोललं, चष्म्याची काडी गेली.

दुसऱ्या दिवशी गाइड पोरीने नाश्त्याच्या टेबलावरच सांगितलं, आज उलटं जायचं. सायकली गाडीवर चढवल्या, आम्हाला उत्तरेच्या टोकाला नेऊन सोडलं, आणि त्याच रस्त्याने वारा पाठीवर घेऊन आम्ही खाली आलो. तो दिवस अजून स्वप्नात येतो. फोन हे करत नाही.

एक धोका मात्र आधी ऐकून ठेवा. माझ्या घरच्या सायकलला उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. तिथे डावा पुढचा. पहिल्याच उतारावर सवयीने डावा करकचून दाबला आणि मागचं चाक उचललं. पहिले दहा मिनिटं रिकाम्या पार्किंगमध्ये नुसते ब्रेक दाबत फिरा, लाजू नका.

घाटमाथा_७२:

इ-बाईक म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वारी केल्यासारखं आहे. तिथवर जाताय तर एक दिवस जास्त काढून मों व्हाँतू हा डोंगर करा. बेदुआं गावातून २१ किलोमीटर, जवळपास १६०० मीटर चढाई, मधलं जंगल संपलं की वर नुसता पांढरा दगड. १९६७ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू तिथेच कोसळून मेला, माथ्याच्या थोडं खाली त्याचं स्मारक आहे, सायकलवाले बाटल्या-टोप्या ठेवून जातात.

पसरणीघाट:

घाटमाथा, ताईंचा गुडघा कुरकुरतोय आणि तुम्ही त्यांना स्मारक दाखवताय. 

इ-बाईकबद्दल गैरसमज काढून टाका. पॅडल मारलं तरच मोटर मदत करते, आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर तीही हात काढून घेते. घाम येतोच. बायकोला रोज आला. फरक एवढाच की रात्री जेवताना ती बोलत होती आणि मी ताटावर पेंगत होतो. यजमानांना सांगा, एकाने साधी आणि एकाने इ-बाईक घेतली तर सहल दोघांची राहत नाही. दोघांनी सारखं घ्या. मला हे चौथ्या दिवशी समजलं, तोवर जादा बॅटरीची सायकल शिल्लक नव्हती.

तुलूझकरीण:

मी बारा वर्षं इथे फ्रान्समध्येच तुलूझला आहे, प्रोव्हान्सला बऱ्याचदा गेलेय. जेवणाचं मी सांगते.

‘वेजेतारियां’ म्हटलं की मान डोलावतात आणि सॅलडवर ट्यूना घालून आणतात. त्यापेक्षा ‘नी व्यांद, नी प्वासों’ म्हणा, मांस नाही, मासा नाही. ही चार शब्दांची आरती पाठ करून जा. ऑलिव्हचं काळं वाटण, तापनाद, दिसतं निरागस, पण त्यात बहुतेकदा अँचोव्ही मासे वाटलेले असतात. सूप ओ पिस्तू हे घेवडा, झुकिनी, तुळशीच्या भावकीतल्या बाझिलचं सूप, अगदी आपलं वाटतं. पण त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा टाकणारेही आहेत, विचारा. रातातुई (वांगं-टोमॅटोची भाजी) आणि भाज्यांचं तियां (ओव्हनमध्ये भाजलेले थर) डोळे मिटून घ्या. बकरीच्या दुधाचं चीज सगळीकडे. रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातलं विरजण, चालत नसेल तर मात्र अवघड. नीसपर्यंत गेलात तर सोका खा, हरभऱ्याच्या पिठाचं मोठं धिरडं. सासूबाईंनी खाऊन ‘मिरची विसरलेत’ एवढंच म्हटलं.

लसूण? प्रोव्हान्समध्ये चातुर्मास पाळायचा म्हणजे सोलापुरात शेंगदाणा टाळण्यासारखं. सप्टेंबर रद्द समजा, यजमान उपाशी राहतील.

आणि वेळा. दुपारचं जेवण १२ ते २. दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलात तर हॉटेलवाला आत बसून स्वतः जेवत असेल आणि तुम्हाला नाही म्हणेल, अगदी गोड आवाजात. साधं पाणी ‘काराफ दो’ म्हणून मागा, फुकट असतं, नाहीतर बाटली आणून पैसे लावतात. गावातल्या कारंज्यांतून बाटल्या भरता येतात, फक्त ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नाही.

गुडघ्यासाठी दुसरा पर्याय सुचवू? आमचा कॅनाल द्यु मिदी. तुलूझपासून समुद्राकाठच्या सेतपर्यंत २४० किलोमीटर, १६६६ ते १६८१ मध्ये पिएर-पोल रिके नावाच्या माणसाने खोदून घेतला. कालव्याच्या काठाने जायचं म्हणजे चढ नाहीच. तुलूझमधून निघताना डांबरी वाट आहे, पुढे मातीची, आणि प्लेनच्या (काश्मिरी चिनाराच्या भावकीतल्या) झाडांची मुळं वर आलेली, बसून बसून कंबर हलते. सावलीचं म्हणाल तर २००६ पासून झाडांना बुरशीचा रोग लागलाय, हजारो तोडली, त्यामुळे काही पट्टे उघडेबोडके आहेत. तरी सोप्यात सोपं हेच. पण खरं सांगू, तीन दिवसांनी कंटाळा येतो. पाणी, झाड, बोट. पाणी, झाड, बोट.

कोथरूडची_सायकल:

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! चकल्यांची कल्पना चोरते आहे.

नवऱ्याला धागा वाचून दाखवला. तो ‘शेंगदाणा टाळण्यासारखं’वर हसला, पण सप्टेंबर त्यानेच खोडला. मग जून? लॅव्हेंडर बघायचंय मला, जांभळी शेतं, सेनाँकचा मठ.

पसरणीघाट:

जांभळं हवं तर जूनअखेर ते जुलैचा मध्य. मठासमोरची रांगच्या रांग तेव्हाच फुलते, पण फोटो काढणाऱ्यांचीही रांग तेवढीच. सो (Sault) नावाच्या गावाच्या बाजूचं पठार उंच आहे, तिथे फूल उशिरा येतं. मात्र जुलैत उन्हाचा तडाखा फार. सकाळी सातला निघून बाराच्या आत मुक्काम गाठायची तयारी असेल तर जा.

तुलूझकरीण:

मी असते तर मेअखेर गेले असते. ऊन सोसवतं, शेतात लाल पॉपी, आणि लुबेरॉनच्या चेरी तेव्हाच येतात. लॅव्हेंडर तेव्हा हिरवाच असतो, हे मात्र आधीच मनाला सांगून ठेवा. आणि चातुर्मास अजून लागलेला नसतो.

व्हिसासाठी प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, तो सगळे काढतात. त्यात सायकलवरून पडणं धरलंय का ते बारीक अक्षरात वाचा. पसरणीघाटांचं कोपर आठवा.

पसरणीघाट:

कोपर बरं आहे, धन्यवाद. आणि एक राहिलं. उजव्या बाजूने चालवायची सवय सकाळी लक्षात राहते, जेवून निघालं की विसरते. बायकोने हँडलला उजवीकडे लाल रिबीन बांधली होती.

कोथरूडची_सायकल:

ठरलं. मेअखेर, दोघांनाही इ-बाईक. नवरा म्हणाला, ‘तुझ्या गुडघ्यासाठी घेतोय.’ मी काही बोलले नाही.

कंपनीला तुमचे दोन्ही प्रश्न विचारले. रोजची चढाई ४५० ते ७०० मीटर, हे तासाभरात कळवलं. हॉटेल ‘गावाच्या मध्यभागी’ असं लिहिलंय. गाव वर की खाली, असं परत विचारलं, त्याला आज तिसरा दिवस, अजून उत्तर नाही.

पसरणीघाट:

वर आहे.