अनुभव धागा: खाडीकाठच्या गावातले शेजारपण

कोकणातल्या बंदराच्या गावांत खारवी, कोळी, गाबीत, भंडारी, दालदी मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध असे कितीतरी समाज एकाच पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, आधाराने राहतात. होडीच्या कामाने ही माणसे एकमेकांशी कशी जोडली गेली, याविषयी तिथे राहिलेल्यांनी लिहावे, अशी विनंती आहे. जे स्वतः पाहिले तेवढेच लिहावे.

दाभोळ खाडीकाठाहून

मे महिना सरत आला की आमच्याकडे नौका ओढण्याची लगबग सुरू होते, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पावसाळी वारा सुटल्यावर उघड्यावर नांगरलेल्या नौकेचा भरवसा राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप वर चढते, तो दिवस साधावा लागतो. नौकेखाली ओंडके सरकवले, दोर बांधला की पुढे माणसांचेच बळ लागते आणि तेवढी माणसे कोणत्याही एका घरात नसतात. त्यामुळे खारव्यांची नौका ओढायला दालदी वाडीतले तरुण येतात आणि त्यांच्या नौकेला आमचे तांडेल (नौकेचे प्रमुख) व खलाशी खांदा लावतात. ज्या घरातले कर्ते पुरुष आखातात नोकरीला आहेत, त्यांची होडी आमच्या पुळणीवर आधी वर घेतात. असा नियम कोणी केलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही. नौका शाकारून झाल्या की त्यांच्या आडोशाला जाळ्यांची दुरुस्ती चालते. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे कर्ज थकले आहे, हे तिथे बसल्या बसल्या कळते आणि संध्याकाळपर्यंत त्यावर काहीतरी तोड निघते. बंदी संपली तरी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय जुने तांडेल नौका पाण्यात लोटत नाहीत, आणि त्या दिवशी बंदरावर सगळ्या वाड्यांतली माणसे असतात.

कोर्लईहून

नोकरीनिमित्त मी कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेल्या या गावात राहिले. १७४० मध्ये पोर्तुगीजांची इथली सत्ता संपली, पण मागे राहिलेली ख्रिस्ती वस्ती आजही घरात पोर्तुगीजवर आधारलेली आपली बोली बोलते आणि दाराबाहेर पडताच मराठीत शिरते. शेजारी कोळ्यांची वस्ती आहे आणि खाडीपलीकडे रेवदंड्यात बेने इस्रायलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे, जरी त्यांची बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना या वेगळेपणाचे काहीच नवल नव्हते. भरती किती वाजता लागणार, हे मात्र त्या सर्वांना घड्याळ न पाहता सांगता येई. ही बोली पुढच्या पिढीतही टिकावी, असे मला मनापासून वाटते.

राजपुरीहून

जंजिऱ्याला प्रवासी नेणाऱ्या शिडाच्या होड्यांवर माझे वडील होते. वारा पडला की वल्ही मारावी लागत आणि दमलेल्या खलाशाच्या जागी दुसऱ्या होडीवरचा माणूस न बोलावता येऊन बसे.

दक्षिण रत्नागिरीतून

वरील अनुभव खरे आहेत, पण एकोपा आपोआप टिकत नाही, हेही नोंदवले पाहिजे. मासळीच्या थव्याला वेढून एकदम ओढणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा आमच्या गावात दोन तट पडले. एकाच घरातला एक भाऊ मोठ्या नौकेवर आणि दुसरा पारंपरिक होडीवर, अशी स्थिती होती. माझ्या मते निर्बंध आवश्यकच होते, कारण लहान मासळीही ओढली गेली तर होडीवाल्याच्या वाट्याला काय उरणार? तरीही त्या वर्षांत एक होडी वेळेवर परतली नाही, तेव्हा शोधासाठी सर्वांत आधी निघाली ती पर्ससीनवाल्यांची नौका, कारण तिचे इंजिन मोठे होते. होडी सापडली, माणसे सुखरूप आली. जाळ्यांचा वाद मात्र दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तितक्याच जोराने झाला आणि तो अजून मिटलेला नाही.