लघुपट: हळदीचा प्रतिष्ठित व्यापारी, आतून खुनी. 30 हजारांत कॅमेरा, लाइट, रक्त काय घ्यावे?

वखारभाग
नमस्कार मंडळी. 18 मिनिटांचा लघुपट करतोय, सांगलीतच. मुख्य पात्र हळदीचे व्यापारी. मंडळाचे अध्यक्ष, शब्दाला पक्के, अडत्यांचे भांडण झाले की मध्यस्थीला यांनाच बोलावतात. आणि हेच गृहस्थ काही वर्षांपासून माणसे मारताहेत. बायकोलाही पत्ता नाही. जुन्या वाड्यात तीन रात्री मिळाल्या आहेत. बजेट 30,000, वर एक रुपयाही नाही. कॅमेरा भाड्याने घ्यावा की फोनवर भागेल? वाड्यात लाइट कोणते? खोटे रक्त कसले? शेवटचा प्रसंग हरिपूरच्या खऱ्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, घ्यायचा विचार आहे.

उजेडवाला
रात्रीचे काम आहे, फोनच्या नादाला लागू नका. फुल फ्रेम कॅमेरा, 35 आणि 85 मिमीच्या लेन्सा, हे विकतच घ्या. लाख-सव्वा लाख जातील, पण पुढची दहा वर्षे बघायला नको. माझ्याकडे हाच संच आहे आणि अंधारात त्याला तोड नाही.
काहीही घेतले तरी सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची. 24 फ्रेम आणि 1/48 वर गेलात की स्वस्त एलईडी बल्बखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. शूटिंगच्या वेळी छोट्या स्क्रीनवर ते कळत नाही, एडिटिंगला बसल्यावर कळते.

रंगपट
रक्ताचे सांगते. बेकरीचे साहित्य मिळते तिथून 1 किलो लिक्विड ग्लुकोज आणा. पाव लिटर कोमट पाण्यात 2 चमचे खाण्याचा लाल रंग आणि 1 सपाट चमचा कोको आधी घोटून घ्या, मग ग्लुकोजमध्ये ओता. कोको थेट ग्लुकोजमध्ये टाकला तर गुठळ्या राहतात. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात सरबतासारखा दिसतो, कोकोने तो खाली बसतो. निळ्या रंगाचा एखादा थेंब चालेल. बिटाचा रस नको, गुलाबी दिसतो. जमिनीवर सांडणार असाल तर खाली प्लॅस्टिक अंथरा, पंधरा मिनिटांत मुंग्या येतात.
कोयता खरा आणूच नका. लाकडाचा करून चंदेरी रंग द्या.

कृष्णाकाठ
खऱ्या पेवात उतरू नका. हे आधी वाचा, बाकीचे नंतर. पेवात हळद वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही, ती आत प्राणवायू उरत नाही म्हणूनच. कर्बवायू हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. जुनी माणसे तोंड उघडून पेव बराच वेळ तसेच ठेवतात, मग कंदील सोडतात, मगच माणूस. कंदील जळत राहिला तरी कर्बवायू माणसाला भोवळ येण्याइतका असू शकतो, आणि त्या अरुंद तोंडातून बेशुद्ध माणूस वर ओढता येत नाही. त्यात 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरले. ज्या भिंती तेव्हापासून कुणी तपासल्या नाहीत, त्यांच्यात युनिट घालायचे?
पेवाचे तोंड घरी होते. ट्रकचे दोन जुने टायर एकावर एक, बाहेरून-आतून माती-भुशाचा गिलावा. दोन भक्कम टेबलांमध्ये फट ठेवून त्यावर बसवा, कॅमेरा खालून वर. नट वरून डोकावला की झाले.

मिरजेचीतार
सगळे चित्राबद्दलच बोलताय. लघुपट पडतो आवाजाने. वाड्यात फरशी आणि उघडी भिंत, आवाज घुमणारच. फ्रेमच्या बाहेर तीन बाजूंनी गोधड्या, सतरंज्या टांगा. फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर बंद. माइक नटाच्या छातीवर, रेकॉर्डर वेगळा, प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला टाळी, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. प्रत्येक खोलीत कुणीही न बोलता एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये संवादांमधली भोके तिनेच बुजतात, विकतची शांतता जुळत नाही.

जुनापडदा
आधी अमोल पालेकरांचा 1981 चा ‘आक्रीत’ बघा. मानवत गावातल्या खऱ्या खुनांवरचा, दिग्दर्शन त्यांचे आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच. दुसरा 2007 चा ‘मिस्टर ब्रूक्स’. खोक्यांच्या कारखान्याचा मालक, शहराने गौरवलेला. त्याच्या आतला खुनी म्हणून चक्क दुसरा नट घेतलाय, तो गाडीत मागच्या सीटवर बसून बोलतो. तुम्हीही दुसरा नट घ्या, प्रेक्षकाला मन कळते.

रंगपट
सपशेल असहमत. 18 मिनिटांत दुसरा नट आला की अर्धा वेळ तो कोण हे समजावण्यात जातो. आणि नाट्यपंढरीत एका नटाकडून हे होत नसेल तर काय उपयोग? डोळे वटारू नका, आवाज खाली नेऊ नका. हिशेब करताना तो जितका शांत, तितकाच मारून आल्यावर शांत. हातांना काम द्या. गाठी मोडणे, रास चाळणे.

जुनापडदा
नाट्यपंढरी रंगमंचावर, ताई. सिनेमात क्लोजअप असतो.

रंगपट
म्हणूनच तर कमी करायचे म्हणते.

उजेडवाला
लाइट राहिले. हजार वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे पावणेनऊ अँपिअर. वाड्यातल्या 5 अँपिअरच्या सॉकेटला लावले तर सॉकेट वितळू शकते. 15 चा पॉइंट शोधा, एक्स्टेंशनची वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. आणि अंधार दाखवायचा म्हणून अंधारात शूट करू नका. नीट उजेड करून नंतर एडिटिंगमध्ये खाली उतरवा, नाहीतर काळ्या भागात नुसते दाणे. कॅमेऱ्याचे मात्र ऐका, फोन नको.

पेठभाग
कॅमेऱ्याला अनुमोदन. रक्तात थोडा कोको घाला, नाहीतर सरबत दिसते.

हळदगल्ली
मला कॅमेऱ्यातले कळत नाही, हळदीतले कळते. पांढऱ्या सदऱ्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. सोड्यामुळे. हळदीच्या घरातल्या बाईला हे पाठ असते, म्हणून नवऱ्याच्या कपड्यांवर लाल दिसले तरी ती दचकणार नाही. तुमच्या माणसाला याहून चांगली लपायची जागा नाही. आणि लिंबू पिळले की हळदीचा डाग परत पिवळा होतो. रक्ताचा होत नाही, तपकिरी पडतो. बायकोने एक दिवस लिंबू पिळले तर?
कृती: 1 चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून सुती कापडावर लावा, सावलीत वाळवा. उन्हात हळद उडते, कालचा आणि आजचा डाग जुळणार नाही. मग अर्धा लिटर पाण्यात 1 चमचा धुण्याचा सोडा विरघळवून ते डागावर टाका, लाल होतो. खायचा सोडा नको, रंग कच्चा येतो.

जुनापडदा
हे आधी कुठे पाहिलेले नाही. तरीही दुसऱ्या नटाचा विचार करा.

वखारभाग
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवले ते सांगतो. कॅमेरा घेत नाही, फोनच. एक्सपोजर, फोकस आणि रंग कुलूपबंद करून, 25 फ्रेमवर. वाचलेले पैसे आवाजाला: दोन माइक, रेकॉर्डर आणि तिन्ही रात्री आवाज बघणारा एक माणूस, 12,000. लाइट आणि वायरिंग 6,000. बाकी जेवण, कपडे, रिक्षा.
दुसरा नट नाही. खून एकही दाखवत नाही, कोयताही नाही. पेव खरे नाही आणि टायरचेही नाही, कृष्णाकाठ, राग मानू नका. पेव फक्त त्यांच्या चोपडीत: भरल्याची तारीख, विकल्याची तारीख. एका पेवापुढे विकल्याची तारीख नाही, आणि दरवर्षी तो रकाना ते कोराच सोडतात.
शेवटचा प्रसंग मोरीत. बायको, दोन सदरे, एक लिंबू. पहिला डाग पिवळा होतो. दुसरा होत नाही. रक्त लागेल ते अर्धा चमचा, रंगपट ताईंच्या कृतीने.

कृष्णाकाठ
राग नाही. उतरत नाही ना, मग झाले.

हळदगल्ली
सदरे दोन नव्हे, सारखे आठ घ्या. एकदा पाणी लागले की डागाची कड पसरते, त्याच सदऱ्यावर दुसरा टेक होत नाही. आणि कोरे सदरे आधी दोनदा साध्या पाण्यातून काढा. नव्या कापडाला खळ असते, हळद वरच राहते आणि पाणी टाकल्याबरोबर निघून जाते.