रविवारी गळाची स्पर्धा आहे, पण समुद्र खवळलाय, जावं का?

कोथरूडकर: आम्ही तिघं ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला निघतोय, फी भरून झालीय आणि आता यलो अलर्ट आलाय. बोट नाही, खडकावरूनच गळ टाकायचाय. काय करू?

दर्यावर्दी: आधी इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज बघ, पावसापेक्षा लाट वाईट. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर खडकावर उभंच राहू नको, शेवाळावरून पाय सटकला आणि वरून लाट आली की पोहता येऊनही उपयोग नाही रे. लाइफ जॅकेट पाहिजेच.

औंधची ताई: वीज चमकली की रॉड ठेवून सरळ गाडीत बसा, कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते!! आणि आयोजकांना फोन कर, सगळ्यांनी सांगितलं तर तारीख पुढे ढकलतील.

दर्यावर्दी: +१. गेलासच तर खाडीच्या आतल्या बाजूला बस, गढूळ पाण्यात गळाला कोळंबी लाव, जिताडा मासा तिथेही लागतो.