झोपाळू सुंदरीचं नाणं: १/२ की १/३?

कट्टेकरी:
तत्त्वज्ञांचा एक काल्पनिक प्रयोग: रविवारी सुंदरीला झोपवतात आणि एक समतोल नाणं उडवतात. छापा पडला तर तिला फक्त सोमवारी उठवायचं. काटा पडला तर सोमवारी आणि मंगळवारी, पण मध्ये औषध देऊन सोमवारची आठवण पुसायची. उठल्यावर विचारायचं, "छाप्याची शक्यता किती?" तत्त्वज्ञ ॲडम एल्गा २००० साली म्हणाला १/३. पुढच्याच वर्षी दुसरा तत्त्वज्ञ, डेव्हिड लुईस, याने सांगितलं १/२. मी लुईसच्या बाजूचा. आपल्याला उठवणार हे तिला रविवारीच ठाऊक होतं, मग नवीन काय कळलं म्हणून आकडा बदलायचा?

दीडशहाणी:
असहमत. प्रयोग १००० वेळा करा. ५०० छापे, ५०० काटे. उठणी १५००, त्यांतली छाप्याची ५००च. दर उठण्याला छाप्यावर शंभराची सम पैज लावा, पन्नास हजार घालवून घरी याल.

कट्टेकरी:
काट्याला दोनदा पैसे मोजता, म्हणून. प्रयोगामागे एकच पैज ठेवा, हिशोब फिटतो.
शिवाय १/३ वाले म्हणतात, 'जे जे असू शकले असते त्यांतला मी एक'. म्हणजे जशी काट्याला उठणी जास्त, तशी ज्या विश्वात माणसं जास्त, ते आपोआप जास्त संभाव्य! तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉमच्या गोष्टीतला अगोचर (आगाऊ) तत्त्वज्ञ घ्या: विश्वाच्या दोन सिद्धांतांपैकी एकात दुसऱ्यापेक्षा लाख कोटी पट निरीक्षक, म्हणून हा शास्त्रज्ञांना सांगतो की प्रयोग करूच नका, तोच खरा. प्रयोगशाळेला कुलूप!

दीडशहाणी:
आणि तुमचं 'जे प्रत्यक्षात आहेत त्यांतला मी एक' काय सोवळं आहे? आजवर ढोबळमानाने १०० अब्ज माणसं जन्मली. आजवरची आणि पुढे जन्मणारी अशा एकूण यादीतला मी कुठलाही एक, तर पहिल्या ५ टक्क्यांत असण्याची शक्यता ५ टक्केच. म्हणजे ९५ टक्के खात्रीने एकूण माणसं २००० अब्जांच्या आत. पृथ्वीचा निकाल आरामखुर्चीत! १/३ च्या गृहीतकाने हे भाकीत बरोबर रद्द होतं.

खड्डेशास्त्री:
खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड गॉटने १९६९ साली आठ वर्षांची बर्लिन भिंत बघून, आपण तिच्या आयुष्यातल्या कुठल्याही क्षणी आलोय असं धरून, हाच हिशोब केला होता: अजून पावणेतीन ते चोवीस वर्षं, शक्यता ५० टक्के. १९८९ ला पडली. आमच्या गल्लीतला खड्डा चार महिन्यांचा आहे, म्हणजे अजून चाळीस दिवस ते एक वर्ष. पण दोन महिन्यांवर निवडणूक आहे, हे गॉटच्या सूत्राला कुठे ठाऊक? आणि 'यादी' कोणाची? निअँडरथल धरायचा का? यादी बदलली की निकाल बदलतो.

दीडशहाणी:
खड्ड्याला +१. कट्टेकरी, एवढंच सांगा: सुंदरीला कळलं की आज सोमवार आहे. नाणं सोमवारी रात्री उडवलं तरी प्रयोग तोच राहतो. लुईसच्या हिशोबाने काट्याचा अर्धा वाटा सोमवार-मंगळवारात पाव-पाव वाटलेला; मंगळवार बाद, म्हणून आता छाप्याची शक्यता २/३. अजून न उडवलेल्या, समतोल नाण्याची!

कट्टेकरी:
हे टोचतं. लुईसने २/३ गिळलं होतं, माझ्या घशाखाली उतरत नाही. पण त्यासाठी त्या अगोचराच्या हाती प्रयोगशाळेची किल्लीही देणार नाही.