लेनर्ड स्किनर्ड: झेंडा बाजूला काढला तर 'दक्षिण' उरते का?

रात्रपाळी (धागाकर्ता)
लेनर्ड स्किनर्ड या अमेरिकी रॉक बँडचं नाव काढा, पाच-सहा प्रतिसादांत गाडी कॉन्फेडरेट झेंड्यावर येतेच. लाल कापड, निळी फुली, तेरा तारे. अमेरिकी यादवीत गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणी फौजेचं हे निशाण बँडने वर्षानुवर्षं स्टेजवर मिरवलं, हे खरंच आहे. पण माझ्या मते या पोरांचं दक्षिणीपण त्या कापडात नव्हतंच. ते फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या पश्चिमेकडच्या कामगार वस्तीत होतं. लांब केसांवरून मागे लागणाऱ्या लेनर्ड स्किनर या पी.टी.च्या मास्तरांचं नाव वाकडं करून बँडला चिकटवण्याच्या खोडीत होतं. ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जजवळ पत्र्याच्या छपराचं एक खोपटं होतं, 'हेल हाउस' म्हणायचे त्याला. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात तिथे दिवसचे दिवस तालीम चालायची. त्या घोटून घेण्याचं फळ १९७४ च्या दुसऱ्या अल्बमवर ऐका: तीन तीन गिटार, पण कुणी कुणाच्या पायात येत नाही. सोलोसुद्धा आधी बसवलेले, मनाला येईल तसे नाहीत.

भोचक
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? तुमचे ते पी.टी.चे मास्तर ज्या शाळेत होते तिचं नावच रॉबर्ट ई. ली हायस्कूल, म्हणजे कॉन्फेडरेट सेनापतीचं. ते बदललं थेट २०२१ मध्ये. झेंडा एमसीए या रेकॉर्ड कंपनीने जाहिरातीसाठी आणला असं बँडवालेच सांगतात. आणला असेल, पण इतकी वर्षं ठेवला कुणी? २०१२ मध्ये बँडचे गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन सीएनएनवर म्हणाले की आता तो नको. चाहते खवळले आणि काही दिवसांत साहेबांनी शब्द फिरवला.

सातवा सूर
झेंड्याचं राहू द्या, ज्या गाण्यावरून त्यांना कट्टर ठरवतात त्या 'स्वीट होम अलाबामा'चीच गंमत बघा. बँड फ्लोरिडाचा, रेकॉर्डिंग जॉर्जियातल्या डोराव्हिलला, ती सगळ्यांना पाठ असलेली सुरुवातीची गिटार एड किंगची, आणि तो कॅलिफोर्नियाचा! मागे गाणाऱ्या मेरी क्लेटन आणि क्लाइडी किंग दोघी कृष्णवर्णीय. क्लेटन तर आधी नकोच म्हणत होत्या.
गाणं नील यंग या कॅनेडियन गायकाला उत्तर म्हणून लिहिलेलं, कारण त्याने दोन गाण्यांत अख्ख्या दक्षिणेला एकाच काठीने हाकलं होतं. पुढे यंगने स्वतःच्या आत्मचरित्रात कबूल केलं की त्यातल्या 'अलाबामा'चे शब्द आरोप करणारे, वरून बोलल्यासारखे होते. आणि स्किनर्डचा गायक रॉनी व्हॅन झँट १९७७ च्या, त्याच्या शेवटच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर यंगचाच टी-शर्ट घालून उभा आहे. शत्रुत्व बित्रुत्व काही नव्हतं.

भोचक
टी-शर्टने काय होतं? गाण्यात बर्मिंगहॅमकरांना गव्हर्नर आवडतो असं येतं. कोण गव्हर्नर? अलाबामाचा जॉर्ज वॉलेस, १९६३ च्या शपथविधीत वंशभेद कायमचा राहील असं गर्जणारा. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. त्या ओळीमागे 'बू, बू, बू' अशी हुर्यो आहे म्हणे. व्हॅन झँटचीही तक्रार हीच की लोकांना ते ऐकू येत नाही. अहो, निषेध करायचा तर ऐकू येईल असा करावा ना!

अटलांटाकर
इकडे राहतो म्हणून दोन शब्द. दक्षिणेचं संगीत म्हटलं की लोक स्किनर्डवर का थांबतात कळत नाही. तासाभरावर जॉर्जियातलंच मेकन आहे. ऑलमन ब्रदर्स हा बँड जमला जॅक्सनव्हिललाच, १९६९ मध्ये, पण संसार थाटला मेकनला. पहिल्या दिवसापासून ड्रमवर जेमो, मिसिसिपीचा कृष्णवर्णीय वादक. खिशात दमडी नसताना एच अँड एच खानावळीच्या लुईस हडसन यांनी या पोरांना जेवू घातलं. रोझ हिल कब्रस्तानात ही मंडळी रात्री-बेरात्री बसायची, तिथल्याच एका थडग्यावरचं नाव त्यांच्या वाद्यरचनेला मिळालं. आता बँडमधले ड्वेन आणि ग्रेग ऑलमन, बेरी ओकली तिथेच पुरलेले आहेत. मी गेलो तेव्हा टेकडीखालून मालगाडी जात होती, बराच वेळ. 'सदर्न रॉक' ही पाटी ग्रेगला आवडत नसे. रॉक जन्मलंच दक्षिणेत, मग वेगळं कशाला सांगायचं, असं त्याचं म्हणणं.

रात्रपाळी
ऑलमन माझेही लाडके, पण त्यांची काठी करून स्किनर्डला बडवू नका. एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय गिटारियाच्या पायाशी बसणाऱ्या पोराचं 'द बॅलड ऑफ कर्टिस लो' स्किनर्डचंच. स्वस्त पिस्तुलांविरुद्ध 'सॅटर्डे नाइट स्पेशल', १९७५ मध्ये, तेही बंदूकवेड्या चाहत्यांसमोर.
शिवाय कुठला स्किनर्ड म्हणताय तुम्ही? २० ऑक्टोबर १९७७ ला इंधन संपून विमान मिसिसिपीच्या जंगलात पडलं. रॉनी, गिटारवादक स्टीव्ह गेन्स, मागे गाणारी कॅसी गेन्स गेले. १९८७ ला रॉनीचा धाकटा भाऊ जॉनीला घेऊन जे सुरू झालं ते नावाचं दुकान. रॉसिंग्टनही २०२३ मध्ये गेले. आता मूळचं कुणी उरलेलं नाही.

भोचक
सोयीस्कर आहे. झेंडा धाकट्याच्या खात्यावर, गाणी थोरल्याच्या! सत्तरच्या दशकातल्या कार्यक्रमांचे फोटो बघा, रॉनीच्या काळातही तो आहे.

जुनी कॅसेट
हेच सगळं भांडण ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या बँडने २००१ मध्ये 'सदर्न रॉक ऑपेरा' या दुहेरी अल्बममध्ये घातलंय. स्किनर्ड, वॉलेस, यंग, विमान, सगळं. लिहिणारा पॅटरसन हूड म्हणजे अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओवादक डेव्हिड हूडचा मुलगा. 'स्वीट होम अलाबामा'त ज्या 'स्वॅम्पर्स'ना सलाम आहे त्यातलेच हे डेव्हिड. घरातला माणूस बोलतोय, ऐका एकदा.

भोचक
त्याच हूडने २०१५ मध्ये, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर, झेंड्याविरुद्ध न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये लिहिलं होतं.

रात्रपाळी
तो लेख माझ्याच बाजूचा आहे की! दक्षिणेचा वारसा झेंड्याहून कितीतरी मोठा, हेच तो सांगतो. धाग्याची पहिली ओळ पुन्हा वाचा.

भोचक
वाचली. वारसा मोठा, कबूल. मग २०१२ मध्ये चाहते ओरडल्यावर हे एवढं एक वाक्य रॉसिंग्टनना का म्हणता आलं नाही?