महिनाभर न वापरलेली वस्तू

रोज खिशात काय बाळगायचं यासाठी एक नियम सांगतात: ‘महिनाभरात खिशातून बाहेर आली नाही ती वस्तू घरी ठेवा’. तो चाकू, पकड, पेचकस यांना चालेल. टॉर्चला मला तो पटत नाही, कारण ती लागते तेव्हा नेमकी लागतेच. मात्र खिशात दोन टॉर्च कशाला, असं कोणी विचारलं तर ते रास्त आहे. मी १००० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) जाडजूड टॉर्च काढून एका एएए सेलची ठेवली. डोळ्यांना उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात, त्यामुळे आकड्यांतला फरक प्रत्यक्षात तेवढा जाणवत नाही. कुलूप शोधायला, जिना उतरायला वीस-तीस ल्युमेन पुरतात.

टॉर्चबद्दल आणखी एक मुद्दा. इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्च बंद असतानाही थोडा करंट खातात. माझी ऐन वेळी मेली ती यामुळेच, आणि दोष मी बिचाऱ्या सेलला देत बसलो. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बऱ्याच टॉर्चमध्ये सर्किट तुटतं. खिशात चुकून पेटायचंही टळतं. अल्कलाइन सेल मात्र महिनोन्महिने आत ठेवू नका, गळतो. लिथियमचा टाका. बाकी हत्यारांपैकी माझ्याकडे ५८ मिमीचा छोटा स्विस चाकू उरलाय, तोही मुख्यतः कात्रीसाठी.